पेनिक मास्तर : प्रस्तावना

हार्वे पेनिक आठ वर्षांचे असताना ऑस्टिन कंट्री क्लबच्या गोल्फ मैदानावर दुसऱ्यांच्या बॅगा उचलायला लागले. नव्वदाव्या वर्षी ते गेले, तेव्हाही त्यांचं नाव त्याच क्लबशी जोडलेलं होतं. मधल्या काळात क्लबाने आपली जागा दोनदा बदलली. पेनिकांनी ना गाव बदललं ना काम. जन्म २३ ऑक्टोबर १९०४, मृत्यू २ एप्रिल १९९५, दोन्ही टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात. आधी कॅडी, मग दुकानातला मदतनीस, शाळा संपता संपता १९२३ मध्ये क्लबाचे मुख्य प्रो (व्यावसायिक शिक्षक), आणि १९७१ मध्ये मुलगा टिन्सले याच्याकडे ती जागा सोपवल्यावर उरलेलं आयुष्य नुसते शिक्षक. त्यांनी कोणतीही मोठी स्पर्धा जिंकली नाही. तरीही विसाव्या शतकातल्या गोल्फचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही, कारण तो घडवणाऱ्या स्त्री-पुरुषांपैकी कितीतरी जण कधी ना कधी त्यांच्यासमोर स्टिक हातात धरून उभे राहिले होते.

अशा माणसाची ओळख मराठी वाचकाला करून देताना आधी एका आक्षेपाला सामोरं जायला हवं. मी न्हावा शेव्याच्या परिसरात राहतो. इथे गोल्फचं नाव काढलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न जमिनीचा येतो. अठरा होलांच्या मैदानाला साधारण शंभर एकरांहून अधिक जागा लागते. ज्या भागात भातखाचरं आणि मिठागरं जाऊन बंदर उभं राहिलं, जिथे जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरातल्या पोलिस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तिथे एका चेंडूच्या खेळासाठी शंभर एकर ही कल्पना कुणाच्या गळी सहज उतरणार नाही. साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून लढलेल्या गावांना मैदानाची हिरवळ आधी दिसत नाही, सातबारा दिसतो. हा आक्षेप मला मान्य आहे. या पुस्तकात त्याला उत्तर शोधू नये; ते इथे नाही.

पण त्याच मैदानावर दुसरीही माणसं असतात. खारघरला पांडवकड्याच्या डोंगरापायथ्याशी सिडकोने गोल्फचं मैदान केलं. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. अशा प्रत्येक मैदानावर खेळणाऱ्याच्या दोन पावलं मागे बॅग घेऊन चालणारा एक जण असतो. वारा कुठून येतोय, ग्रीनचा, म्हणजे होलाभोवतीच्या हिरवळीचा, उतार कुठल्या अंगाला आहे, कालच्या पावसाने चेंडू कुठे अडेल, हे त्याला खेळणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. साहेबांचा फटका का चुकला हेही त्याला कळतं, पण विचारल्याशिवाय तो बोलत नाही. बोललाच तर एका वाक्यात बोलतो, कारण पुढच्या फटक्याआधी तेवढाच वेळ असतो. पेनिकांच्या शिकवण्याचं मूळ मला इथे दिसतं. आठव्या वर्षापासून त्यांनी शेकडो माणसांचे हजारो फटके मागे उभं राहून पाहिले, आणि मधे न बोलता पाहिले. पुढे सत्तर वर्षं त्यांनी जे केलं, ते याच सवयीचं वाढलेलं रूप होतं.

खेळाडू म्हणून नाव काढायची इच्छा त्यांनाही होती. तरुणपणी ते व्यावसायिक स्पर्धांना जात. ह्यूस्टनच्या एका स्पर्धेत जॅक बर्क या जुन्या प्रोने त्यांना सांगितलं, की वेस्ट व्हर्जिनियाहून आलेला एक पोरगा बघून घे. तो पोरगा सॅम स्नीड होता. स्नीडच्या फटक्याचा नुसता आवाज ऐकून पेनिकांना उमगलं, की या दर्जाचा खेळ आपल्या हातून होणार नाही. ते परत फिरले आणि शिकवण्याला लागले. या प्रसंगात मला हार दिसत नाही. दुसऱ्याच्या फटक्यातलं मोठेपण नुसत्या आवाजावरून ओळखणारा कान किती जणांकडे असतो? तो कान असलेल्या माणसाने शिक्षकच व्हायला हवं होतं. स्नीडने पुढे अमेरिकेच्या पुरुषांच्या टूरवर ८२ स्पर्धा जिंकल्या. पेनिकांकडे शिकलेली कॅथी व्हिटवर्थ महिलांच्या टूरवर ८८ जिंकून गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी पाहत नाही, पाहायला हवेत.

व्हिटवर्थची हकिगत थोडी विस्ताराने सांगतो. न्यू मेक्सिकोतलं जाल हे तेलविहिरींचं छोटं गाव. तिथले प्रो हार्डी लाउडरमिल्क या मुलीला शिकवत होते. एका टप्प्यावर त्यांनी ओळखलं, की आपल्याजवळचं देऊन झालं. तेव्हा त्यांनी तिला पेनिकांकडे धाडलं. आपली सर्वांत गुणी विद्यार्थिनी स्वतःहून दुसऱ्याच्या हाती देणारा हा शिक्षकही मोठा माणूस होता, आणि या चरित्रात त्याला मिळालेली पानं मला कमी वाटतात. सतरा वर्षांच्या कॅथीला घेऊन तिची आई सहाशे किलोमीटरहून अधिक गाडी हाकत ऑस्टिनला यायची. पेनिकांनी सुरुवात केली ती पकडीपासून. स्टिकवर हात कसा बसतो, अंगठा कुठे येतो, एवढंच पुन्हा पुन्हा. मुलगी शिकायची, आई बाजूला बसून टिपणं घ्यायची. माघारी गेल्यावर काय करून घ्यायचं, हे पेनिक लाउडरमिल्कना कळवत. दोन शिक्षक, एक आई आणि मध्ये एक मुलगी अशी ही व्यवस्था होती. त्यात कुणीही श्रेयासाठी ओढाताण केली नाही.

बेट्सी रॉल्सने अमेरिकेची महिला ओपन चार वेळा जिंकली, तीही पेनिकांचीच विद्यार्थिनी. मिकी राइट आणि सँड्रा पामर त्यांच्याकडून शिकून गेल्या. पुरुष खेळाडूंच्या प्रशिक्षकांनी स्त्रियांना शिकवणं कमीपणाचं समजण्याच्या काळात पेनिकांनी हा फरक केला नाही. टेक्सास विद्यापीठाच्या पुरुष संघाचे ते १९३१ ते १९६३ प्रशिक्षक होते आणि त्या काळात संघाने आपल्या विभागाचं विजेतेपद २१ वेळा मिळवलं. मला मात्र त्या २१ विजेतेपदांपेक्षा क्लबावर येणाऱ्या सामान्य सभासदांना ते काय सांगत, यात जास्त रस आहे. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाची पकड चुकीची असली, तरी ते ती मुळापासून बदलायला जात नसत. त्या माणसाकडे सरावाला वेळ नाही, बदललेली पकड अंगवळणी पडायच्या आत त्याचा खेळ कोलमडेल आणि आनंदही जाईल, हे ते जाणून होते. त्याच्या आहे त्या पकडीत चेंडू थोडा बरा कसा जाईल, तेवढंच सांगत. आणि सांगितलेलं थोडक्यातच घ्या, असा त्यांचा आग्रह असे. डोकेदुखीवर एक गोळी सांगितली म्हणून सगळी बाटली रिकामी करू नका, अशा अर्थाचं ते विद्यार्थ्यांना बजावत.

लहान मुलांना शिकवण्याची त्यांची पद्धत उलटी होती. बहुतेक ठिकाणी मुलाच्या हाती लांबलचक स्टिक देतात आणि मार जोरात म्हणून सांगतात. पेनिक मुलाला होलाजवळ नेत. आधी दोन हातांवरून चेंडू आत ढकलायचा, तो पडतो तेव्हाचा आवाज ऐकायचा, मग हळूहळू मागे सरकत जायचं. खेळाचा शेवट कुठे होतो हे मुलाला आधी कळलं पाहिजे, ही त्यामागची समज. बेन क्रेनशॉ लहानपणी त्यांच्याकडे आला तेव्हाचा प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवून ठेवला आहे. पोराने चेंडू ग्रीनवर पोचवला. चला, आता तो होलात घालू, असं मास्तर म्हणाले. पोरगा उलट विचारता झाला, की होलातच घालायचा होता तर आधीच का नाही सांगितलंत?

क्रेनशॉ आणि टॉम काइट हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध दोन विद्यार्थी. दोघे एकाच गावात वाढलेले, जवळजवळ एकाच वयाचे, एकाच गुरूचे. पेनिक मात्र एकाला शिकवताना दुसऱ्याला जवळ उभं राहू देत नसत. क्रेनशॉच्या हातात देणगी होती. त्याला सांगायचं ते कमी, आणि फार घोटू नको, जा, खेळ, असं. काइटला मेहनतीची भूक होती. त्याला करायला काम द्यायचं. एकाला दिलेलं औषध दुसऱ्याने उचललं तर दोघांचंही बिघडलं असतं. काइटने १९९२ मध्ये पेबल बीचला अमेरिकन ओपन जिंकली. क्रेनशॉने १९८४ आणि १९९५ मध्ये ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा जिंकली.

आपल्याला हे वाचताना क्रिकेट शिकवणारे रमाकांत आचरेकर सर आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि ही आठवण उपयोगी आहे. आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, १९६३-६४ च्या मोईनुद्दौला स्पर्धेत, स्टेट बँकेच्या संघाकडून. शिवाजी पार्कवर मात्र त्यांनी खेळाडूंची एक पिढी उभी केली. स्वतःचं खेळणं लवकर बाजूला ठेवून दुसऱ्याच्या खेळात आयुष्य घालणं दोघांतही आहे. पण पद्धती वेगळ्या. आचरेकर मुलाला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, दिवसाला जमतील तितके सामने खेळवत, आणि शाबासकी सहसा देत नसत. पेनिक जास्त खेळवत नसत, एखादं वाक्य सांगून गप्प बसत, आणि त्या वाक्याचा विद्यार्थ्यावर काय परिणाम होईल याची काळजी करत. मला वाटतं हा फरक खेळातूनच आला. फलंदाजाला समोरून येणाऱ्या चेंडूला उत्तर द्यायचं असतं. त्याला सवय लागते ती सामन्यांतून. गोल्फचा चेंडू जागच्या जागी असतो. खेळणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि तोच वेळ त्याला बिघडवतो. म्हणून गोल्फच्या शिक्षकाला विद्यार्थ्याच्या डोक्यात काय भरायचं यापेक्षा काय भरायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं.

पेनिक साठहून अधिक वर्षं एका लाल वहीत टिपणं लिहीत होते. ती वही ते ब्रीफकेसमध्ये कुलूपबंद ठेवत आणि टिन्सलेशिवाय कुणाला दाखवत नसत. १९९१ मध्ये त्यांनी ती बड श्रेक या लेखकाच्या हातात दिली. पुढच्या वर्षी ‘हार्वे पेनिक्स लिटल रेड बुक’ हे पुस्तक निघालं आणि खेळांवरच्या सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांत जाऊन बसलं. श्रेक एक गोष्ट सांगत. प्रकाशकाने पेनिकांच्या वाट्याला नव्वद हजार डॉलर ठरवल्याचं त्यांनी कळवलं, तेव्हा म्हाताऱ्याला वाटलं, की पुस्तक छापून घेण्यासाठी एवढी रक्कम आपण भरायची आहे. औषधपाण्याच्या खर्चात हे कुठून जमवू, अशी काळजी ते करत बसले. आयुष्यभराचं ज्ञान कुणी पैसे देऊन विकत घेईल, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

आता १९९५ च्या त्या आठवड्याकडे यायला हवं, कारण सगळं चरित्र तिथे एकत्र येतं. मार्चच्या अखेरीस क्रेनशॉ मास्तरांना भेटायला गेला. पेनिक अंथरुणाला खिळले होते. त्यांनी पटर (चेंडू होलात ढकलायची स्टिक) आणायला सांगितला आणि पडल्या पडल्या त्याला शेवटचा धडा दिला: दोनदा नुसता हात फिरवून बघ, मग स्वतःवर भरवसा ठेव. रविवारी, २ एप्रिलला ते गेले. त्याच दिवशी न्यू ऑर्लिन्समध्ये जिंकून डेव्हिस लव्ह तिसरा याने मास्टर्सचा प्रवेश मिळवला. त्याचे वडील विद्यापीठात पेनिकांच्या संघात खेळलेले. बुधवारी क्रेनशॉ आणि काइट ऑगस्टाहून विमानाने ऑस्टिनला आले, मास्तरांच्या शवपेटीला खांदा दिला आणि परतले. दुसऱ्या दिवशी स्पर्धा सुरू झाली. पुढच्या रविवारी, ९ एप्रिलला, त्रेचाळीस वर्षांच्या क्रेनशॉने ती एका फटक्याने जिंकली. दुसरा आला तो डेव्हिस लव्ह.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात आणि मास्तरांच्या आशीर्वादाबद्दल बोलतात. मला त्या आठवड्यातला तिसरा माणूस महत्त्वाचा वाटतो. क्रेनशॉचा खेळ त्या दिवसांत साफ बिघडलेला होता. सरावाच्या वेळी त्याचा कॅडी कार्ल जॅक्सन याने त्याला दोनच गोष्टी सांगितल्या: चेंडू पायांच्या रेषेत थोडा मागे घे, आणि खांदे आवळून वळव. क्रेनशॉचा फटका परत आला. जॅक्सन कृष्णवर्णीय. ऑगस्टाच्या मैदानावर लहानपणापासून बॅगा उचलणारा, १९७६ पासून मास्टर्समध्ये क्रेनशॉबरोबर चालणारा. मास्तर ऑस्टिनला मातीआड झाले त्याच आठवड्यात विद्यार्थ्याचा फटका दुरुस्त केला तो एका कॅडीने, आणि तोही पेनिकांच्याच पद्धतीने, दोन वाक्यांत.

इथे एक कडू गोष्ट स्पष्ट लिहिणं भाग आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत सभासद गोराच असला पाहिजे, असं कलम १९६१ पर्यंत होतं. मास्टर्समध्ये १९८२ पर्यंत खेळाडूंना ऑगस्टाच्याच कॅडींना घ्यावं लागे, आणि ते कॅडी कृष्णवर्णीय असत. पण त्या स्पर्धेत खेळाडू म्हणून पहिला कृष्णवर्णीय माणूस, ली एल्डर, उतरला तो १९७५ मध्ये. म्हणजे पेनिकांच्या बालपणी दक्षिणेकडच्या राज्यांत बॅगा उचलणाऱ्या दोन मुलांपैकी गोऱ्या मुलाला मुख्य प्रो होता येत होतं, आणि दुसऱ्याला तितकीच नजर असली तरी म्हातारपणापर्यंत बॅगच उचलावी लागत होती. पेनिकांनी हा भेद घडवला नव्हता. पण त्यांची वाट त्या भेदामुळे मोकळी होती. चरित्रकार यावर फारसं थांबत नाहीत. वाचकाने थांबावं.

आपल्याकडेही फाटकं होती. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे हा खेळ ब्रिटनबाहेर सर्वांत आधी ज्या जागी रुजला त्यांपैकी एक. तरी इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय १९६५ मध्ये झाला, आणि ते बिलू सेठी हौशी खेळाडू होते. पहिल्या भारतीय व्यावसायिकाला ती जिंकायला १९९१ उजाडावं लागलं. तो अली शेर, दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला. महूचे मुकेश कुमारही कॅडी होते. देशांतर्गत टूरवर शंभराहून अधिक विजय मिळवल्यानंतर २०१६ मध्ये, ५१ व्या वर्षी, त्यांनी पॅनासॉनिक ओपन जिंकून आशियाई टूरवरचं पहिलं विजेतेपद घेतलं. पुण्यात जन्मलेला, लष्करी डॉक्टरांचा मुलगा अनिर्बान लाहिरी आणि बंगळुरूजवळच्या बिडदीच्या मैदानावर चेंडू गोळा करत वाढलेला चिक्करंगप्पा हे दोघे विजय दिवेचा या एकाच शिक्षकाकडे शिकले. काइट आणि क्रेनशॉच्या जोडीपेक्षा ही जोडी मला जास्त विलक्षण वाटते, कारण या दोघांच्या घरांमधलं अंतर कितीतरी मोठं होतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये लाहिरीच्या बरोबर उदयन माने खेळला, आणि अदिती अशोक चौथी आली त्या ऑगस्ट २०२१ मधल्या शनिवारी सकाळी गोल्फ कधीच न पाहिलेल्या मराठी घरांतही लोक टीव्हीसमोर बसून तिच्या प्रत्येक फटक्यावर श्वास रोखत होते. खेळाडूंची नावं आता लोकांना माहीत झाली आहेत. शिक्षकांची अजून व्हायची आहेत. कॅडी असताना जमवलेली नजर शिकवण्याच्या कामी लावणारे प्रो आपल्या मैदानांवर आहेत. त्यांच्यावर मराठीत लिहिलेलं जवळजवळ काहीच माझ्या वाचनात आलेलं नाही.

पुस्तक वाचण्याबद्दल थोडं. खेळ माहीत नसेल तर एवढं पुरे: प्रत्येक होलासाठी किती फटके अपेक्षित आहेत ते ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात, आणि कमी फटक्यांत जो अठरा होल संपवतो तो पुढे. तांत्रिक भाग पहिल्या वाचनात सोडला तरी बिघडत नाही. व्हिटवर्थचं प्रकरण आधी वाचावं, मग १९९५ चं, आणि त्यानंतर सुरुवातीकडे यावं. शाळेत शिकवणाऱ्यांनी, आखाड्यात आणि कबड्डीच्या मैदानावर पोरांना तयार करणाऱ्यांनी पेनिकांनी कोणाला काय सांगितलं नाही, हे खूण करत वाचावं. प्रकाशकांना माझी एक विनंती आहे. या पुस्तकाच्या काही प्रती खारघर, चेंबूर, पुणे आणि नाशिकच्या मैदानांवर कॅडी जिथे आपली पाळी येण्याची वाट बघत बसतात, तिथे पोचवाव्यात. वाट बघण्यात त्यांचे तासन्‌तास जातात, आणि यातल्या पहिल्या दोन प्रकरणांत काही चूक असेल, तर ती त्यांच्याइतकी अचूक दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.